शीतमाईची पुडी

नळदुर्ग
६ जुलै २०२४

प्रिय राजी,

अयोध्याअक्काच्या दहाव्याला तू आलीस, पण घर माणसांनी भरलेलं. आपलं बोलणं झालंच न्हाय. तीन महिने झाले आता तिला जाऊन. अणदूरला गेलं की तिच्या दारात महेश्वरी एकटी कपडे वाळत घालताना दिसते आणि माझी आत जायची हिंमत होत न्हाय. आपल्या दोघींना धाकट्या बहिणींगत सांभाळलेल्या अक्काची पोर, आणि मी तिला तोंड चुकवते.

फोन केला असता. पण आमच्या घरात मी फोन कानाला लावला की सगळे गप्प बसून ऐकतात. कळंबच्या शाळेपासून आपल्याला पत्रांची सवय हाय, तीच बरी. तुझं उत्तर घरी नको, अंगणवाडीच्या पत्त्यावर टाक. सेविका म्हणून माझंच नाव हाय, कुणी फोडत न्हाय.

विचारायचं असं. माझी पाळी जाऊन दीड वर्ष झालं. पोरांना खिचडी वाढता वाढता छातीतून वाफ निघाल्यागत होतं, मान आणि तोंड पेटतं, पदर भिजतो, आणि दोन मिनिटांनी हुडहुडी भरते. तू औषधांच्या कॉलेजात शिकवतेस. बायकांच्या या आगीवर शतावरी, अशोकाची साल, ज्येष्ठमध, अश्वगंधा, जवस यातलं खरंच काय लागू पडतं? पोथीत काय लिहिलंय ते नको. तपासून काय सापडलं ते सांग.

आमच्या भागवत भाऊजींचं शीतमाई चूर्ण तुला ठाऊक हाय. माझे धाकटे दीर. सोलापुरात औषधाच्या दुकानात बारा वर्षं कामाला होते, मग इथं हायवेला धाब्याशेजारी दुकान टाकलं आणि पाटीवर वैद्य लिहिलं. आता ट्रकवाले हैदराबादपर्यंत आपापल्या बायकांना पुड्या नेतात. सगळ्या मुळ्या-साली मीच कुटते. बाया म्हणतात, आठ दिवसांत आग जाते. घ्यावं का मी?

तुझी
दैवशाला


पुणे
१५ जुलै २०२४

प्रिय दैवशाला,

तू विचारून घेतेस हे चांगलं. माझ्या शिकलेल्या मैत्रिणी न विचारता घेतात.

खरं तेवढं लिहिते. शतावरी आणि अश्वगंधा यांच्यावर चाचण्या झाल्या आहेत, पण लहान. साठ-सत्तर बायका, सहा-आठ आठवडे. थोडा फरक दिसला. त्यातल्या काही चाचण्यांचा खर्च ते औषध विकणाऱ्यांनीच केलेला, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही. अश्वगंधेनं क्वचित कुणाच्या यकृताला सूज आल्याचीही नोंद आहे. ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढू शकतो, तुझी आई त्यानंच गेली हे विसरू नको. जवसाची चाचणी झाली, साध्या वडीपेक्षा जवसाच्या वडीनं जास्त काही झालं नाही. चटणी म्हणून खुशाल खा. तुमच्या शिवारभर जे सोयाबीन आहे, त्यातल्या अर्कानं आग थोडी कमी होते, पण महिना-दोन महिने घेतल्यावर, आणि सगळ्यांची नाही. अशोकाच्या सालीबद्दल या तक्रारीसाठी धड पुरावा मला सापडला नाही.

अजून एक समजून घे. अशा चाचणीत निम्म्या बायकांना औषध देतात आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची गोळी. कुणाला काय मिळालं ते कुणालाच सांगत नाहीत. पिठाची गोळी घेणाऱ्यांतही तिघींत एकीची आग कमी होते. काही आपणहून ओसरते, काही विश्वासानं. त्यामुळे गावात चार जणींना गुण आला म्हणजे औषध खरं असं होत नाही.

मात्र आठ दिवसांत सगळ्यांची आग घालवणारी वनस्पती माझ्या तरी पाहण्यात नाही.

फार त्रास असेल तर सोलापूरला बाईडॉक्टरला दाखव. आपल्या अंगात कमी पडलेलं संप्रेरक त्या मोजून देतात, तपासण्या करून देतात. त्याला घाबरायचं कारण नाही.

राजेश्वरी


नळदुर्ग
२९ जुलै २०२४

प्रिय राजी,

तुझ्या पत्रातली आठ दिवसांची ती ओळ मी परत परत वाचली.

शीतमाईनं सगळ्यांची आग जाते. तिघींत एकीची न्हाय, सगळ्यांची. मी बारा वर्षं बघते. मुर्टा, जळकोट, अणदूर, कुठून कुठून बाया येतात. पहिल्या आठवड्यात रडत येतात, दुसऱ्या आठवड्यात भाऊजींच्या पाया पडतात. त्यांची बायको वारल्यापासून ते आमच्यातच जेवतात, ताटावर बसून मोजून सांगतात, आज किती जणी पाया पडल्या.

मी कुटून वस्त्रगाळ करून देते. मग भाऊजी ते मागच्या खोलीत नेतात, आतून कडी लावतात आणि एका स्टीलच्या डब्यातलं पांढरं भस्म त्यात मिसळतात. मोत्याचं भस्म म्हणतात. त्या डब्याला मी कधी हात लावला न्हाय. लावावा असं कधी मनातही आलं न्हाय, खरं तर.

सोबत दोन पुड्या पाठवते. लाल दोरा बांधलेली मी कुटलेली, कडी लावायच्या आधीची. दोरा नसलेली दुकानातली. तुमच्या कॉलेजात यंत्रं हायत. दोन्हीत काय काय हाय ते बघून दे.

मी अजून एक चिमूटही घेतलेलं न्हाय. का विचारते ते आत्ता विचारू नको.

दैवशाला


पुणे
२ सप्टेंबर २०२४

दैवशाला,

आमच्या प्रयोगशाळेतल्या मल्लेशसरांकडून दोन्ही पुड्या तपासून घेतल्या. वेगवेगळ्या दिवशी, दोनदा.

तुझ्या पुडीत नुसत्या मुळ्या-साली आहेत. दुकानातल्या पुडीत त्याशिवाय इस्ट्रोजेन आहे. तेच संप्रेरक, जे डॉक्टर मोजून देतात. गोळ्या कुटून घातलेल्या दिसतात. प्रमाण थोडंथोडकं नाही. म्हणून सगळ्यांची आग जाते. औषधाचा गुण खरा आहे, फक्त तो शतावरीचा नाही.

आता हे लक्ष देऊन वाच. ज्या बाईला गर्भपिशवी आहे तिला हे संप्रेरक एकटं कधी देत नाहीत. सोबत दुसरं देतात, ते पिशवीच्या आतलं अस्तर आवरतं. एकटं दिलं तर अस्तर जाड होत जातं, पाळी गेलेल्या बाईला पुन्हा रक्त जायला लागतं, आणि वर्षानुवर्षं चाललं तर काही जणींना तिथंच कर्करोग होतो. डॉक्टरांकडची गोळी आणि ही पुडी यांत द्रव्य एकच आहे. एकीत बाईला सांगून, तपासून दिलेलं असतं. दुसरीत तिला कळूही न देता.

ज्या ज्या बायका हे घेतात त्यांना गाठ. कुणाला रक्त जात असेल तर तिनं आठ दिवसांत डॉक्टरकडे गेलं पाहिजे. आणि औषध प्रशासनाकडे तक्रार करायची आहे. अहवाल माझ्याकडे आहे, तू फक्त हो म्हण.

तुझं उत्तर लगेच हवं.

राजेश्वरी


नळदुर्ग
२० सप्टेंबर २०२४

राजी,

तुझं पत्र वाचलं तेव्हा पोरं झोपली होती, दुपारची. मदतनीस बाईंनी विचारलं, काय झालं, बाई. मी म्हणाले, धूर गेला डोळ्यात.

अक्का तीन वर्षं शीतमाई घेत होती. तुला हे ठाऊक न्हाय, कुणालाच न्हाय. तिला लई आग व्हायची, खळ्यावर काम करता करता डोक्यावर पाण्याची घागर ओतून घ्यायची. तेव्हा मीच तिला म्हणाले, घरचं औषध हाय, आमच्या भाऊजींचं. पुढं दर महिन्याला बाजाराच्या दिवशी पुड्या मीच नेऊन द्यायचे. माझ्या हातानं कुटलेल्या. गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला तेव्हा भाऊजी दवाखान्यात भेटायला आले, उशाशी बसले, म्हणाले, नशिबाचे भोग. मी त्यांना चहा करून दिला.

तिचा दहावा झाला आणि आमच्या आळीतल्या अजून एकीला रक्त जायला लागलं. तीही शीतमाईवालीच. तेव्हापासून माझ्या डोक्यात कीड पडली, म्हणून तुला लिहिलं. मला वाफा येतात हे खरं हाय, पण विचारलं ते त्याच्यासाठी न्हवतं.

तक्रार एवढ्यात करू नको. दुकानाला कुलूप लागेल, भाऊजी जामिनावर येतील, बाया म्हणतील चांगल्या वैद्याला गोवलं. पुढच्या वर्षी नवी पाटी, नवं नाव. मला दिवाळीपर्यंत वेळ दे. बायांना मी गाठते, अंगणवाडीच्या निमित्तानं मला कुठल्याही घरात जाता येतं.

एक विचारायचं राहिलं. मदतनीस बाईंच्या नवऱ्यानं त्यांच्या पुड्या पोट साफ व्हायचं चूर्ण म्हणून घेतल्या. हे गड्याच्या पोटात गेलं तर काय होतं?

दैवशाला


पुणे
१ ऑक्टोबर २०२४

प्रिय दैवशाला,

दोन दिवस मला वर्गात शिकवता आलं नाही. अक्काची ती घागर मीही पाहिली आहे.

तरी एक सांगायलाच हवं, रागावलीस तरी. शीतमाईनंच अक्काला कर्करोग झाला असं मी शपथेवर म्हणू शकत नाही. तिला साखर होती, वजन होतं, त्यानंही हा रोग होतो. शंभर बायकांबद्दल विज्ञान खात्रीनं बोलतं. एका बाईबद्दल ते इतकंच म्हणतं की धोका पुष्कळ वाढवला. तू स्वतःला दोषी ठरवशील म्हणून लिहिते. आणि त्यांना ठरवशील म्हणूनही.

मदतनीस बाईंच्या यजमानांनी चार-दोन पुड्या घेतल्या असतील तर काही होणार नाही. बरेच दिवस गेलं तर पुरुषाची छाती दुखते, बाईसारखी वाढते, पुरुषपण उतरतं. पायात रक्ताची गाठ होऊ शकते, ती फुफ्फुसात गेली तर माणूस दगावतो. पुड्या आवरून ठेवायला सांग.

दिवाळीपर्यंत थांबते. मनाविरुद्ध थांबते. त्यानंतर मी स्वतः अर्ज करीन.

राजेश्वरी


नळदुर्ग
१२ डिसेंबर २०२४

राजी,

दिवाळी होऊन महिना उलटला. तू थांबलीस, त्याची जाण हाय मला.

बायांचं आधी सांगते. चौतीस जणींना गाठलं. सहा जणींना रक्त जात होतं, त्यातल्या पाच सोलापूरला जाऊन आल्या. एकीची पिशवी काढली. डॉक्टर म्हणाल्या, अजून वर्षभरानं आली असतीस तर अवघड होतं. सहावी म्हणते, वैद्यबुवा सांगतील तसं.

नवरात्रापासून शीतमाईत काही न्हाय. मागची खोली रोज मीच झाडते. डबा रिकामा करून त्यात तांदळाची पिठी भरली. भाऊजींनी नवं भरलं की तेही काढून पिठी घालते. आता बाया दुकानात भांडायला येतात. म्हणतात, बुवा, चूर्ण उतरलं, आग परत आली. भाऊजी डब्यातलं दुप्पट घालतात, मग तिप्पट. तरी बाया परत येतात. परवा जळकोटच्या एका बाईनं दुकानाच्या पायरीवर पुड्या फाडून टाकल्या. पाया पडायला कुणी येत न्हाय आता. ताटावर बसून ते काही मोजत न्हायत.

डब्यातलं मी टाकून दिलं न्हाय.

तुला कळलं असेल. तू हुशार हायस, मला वाटतं तुला ऑक्टोबरातच कळायला हवं होतं. मदतनीस बाईंना नवराच न्हाय.

रोज दुपारी, भाऊजींच्या ताकात. पहिल्या महिन्यात काही दिसलं न्हाय. मग ते छातीला हात लावून बसायला लागले. आता अंगाला गंजीफ्राक घासला तरी कळ येते. भर उन्हात शाल घेतात, दुकानात कुणी वाकून बोललं तर शाल आवळतात. न्हाव्याकडं जायचं बंद केलं, तिथं मोठा आरसा हाय. सोयरीक जमवायची म्हणून सांगली-मिरजेची माणसं आणवली होती त्यांनी, दुसरं लग्न करायचं होतं. ती बोलणी आपणच मोडली, कारण सांगितलं न्हाय.

मी वाढते, ते म्हणतात, वहिनी, तुमच्या हातच्या ताकाला चव हाय. मी म्हणते, अजून घ्या.

शंभर बायका आणि एक बाई, असं तू लिहिलं होतंस. राजी, तुझं विज्ञान एका बाईबद्दल गप्प बसतं. मला एकच अक्का होती.

दैवशाला


पुणे
१९ डिसेंबर २०२४

दैवशाला,

आजपासून थांब. हे पत्र हातात पडेल त्या जेवणापासून.

मी तुला पुरुषाचं काय होतं ते लिहिलं आणि तू ते पाककृतीसारखं वापरलंस. माझ्या अक्षरात. मला याची इतकी चीड आली आहे की तुझं नाव लिहिताना हात थांबतो.

तू काय केलंस ते ऐक. एका माणसाला, त्याला न सांगता, विश्वासाच्या हातानं औषध घातलंस. तू त्यांच्यावर जो आरोप करतेस तो हाच आहे. शब्दही बदलावा लागत नाही.

माझंही चुकलं. दिवाळीनंतर अर्ज लिहून तयार होता. पाकिटावर तुमच्या दुकानाचं नाव लिहिलं, तुझं घर आठवलं आणि ते पाकीट मी टेबलावर ठेवलं. ते तसंच आहे.

त्यांचा एक पाय सुजला, पोटरी दुखली, दम लागला, तर तासाभरात दवाखाना. आणि डॉक्टरांना खरं सांगायचं, सगळं. नाही सांगितलंस तर तुझ्या नवऱ्याला, श्रीमंतदाजींना, फोन मी करीन. मग घरातले कितीही जण गप्प बसून ऐकोत.

राजेश्वरी


नळदुर्ग
११ जानेवारी २०२५

राजी,

तुझं पत्र चोवीस तारखेला मिळालं. त्याच दिवशी थांबले असं लिहिलं तर खोटं होईल. अजून चार दिवस ताक वाढलं. पाचव्या दिवशी भांडं हातात घेतलं आणि ओतून दिलं. का, ते मला सांगता येत न्हाय.

तीन तारखेला सकाळी भाऊजी हुरडा खायला रानात आले होते. बांधावरून उठले आणि खाली बसले. डावी पोटरी धान्याच्या कणगीगत सुजलेली. म्हणाले, वहिनी, श्वास पुरत न्हाय. ह्यांनी शेजारच्याची जीप आणली, आम्ही सोलापूर गाठलं. पोटरीतली गाठ फुफ्फुसात गेली होती. डॉक्टरीणबाई तरुण, पण खमकी. नाकाला नळी, हाताला सुई, सगळं लावून झाल्यावर विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

भाऊजी म्हणाले, "मी स्वतः वैद्य हाय. गोळीला शिवत न्हाय."

"छाती कधीपासून वाढली?"

त्यांनी तोंड फिरवलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "काका, अंगात काय गेलंय ते कळलं नाही तर मी अंधारात उपचार करते."

खाटेच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मी. तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. खरं सांगते, एक क्षण वाटलं गप्प राहावं. काहीच करायचं न्हवतं, नुसतं गप्प राहायचं होतं. मग वाटलं, गप्प राहिले तर हा माणूस चांगला वैद्य म्हणून जाईल, दुकानाला हार घालतील.

मी म्हणाले, "भाऊजी, तुमच्या पोटात शीतमाई गेलीय. तीन महिने, ताकातून. मी घातली."

हे म्हणाले, "अगं, चूर्णानं काय व्हतंय. झाडपाला तर हाय."

"झाडपाला मी कुटते. त्यानं न्हाय झालं. डब्यातल्यानं झालं." मग भाऊजींकडं बघून म्हणाले, "डब्यात काय हाय ते डॉक्टरांना तुम्ही सांगा. मला नाव ठाऊक हाय, पण मी न्हाय सांगणार."

"मोत्याचं भस्म," हे म्हणाले. भावाच्या वतीनं.

भाऊजींनी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. नळीतून श्वासाचा आवाज येत होता. डोळे मिटून त्यांनी गोळीचं नाव सांगितलं, किती ताकदीची ते सांगितलं, एका शेराला किती कुटून घालायचे ते सांगितलं. इतकं स्वच्छ, जसं सोलापूरच्या दुकानात गिऱ्हाईकाला सांगत असतील. डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं.

"हे बायकांना देता?"

"त्यांना गुण यायचा," भाऊजी म्हणाले. "दुवा द्यायच्या मला."

"आणि पिशवीचं काय होतं ते ठाऊक होतं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना ठाऊक होतं, राजी. बारा वर्षं गोळ्या विकलेला माणूस, पाकिटातला कागद त्यांनी वाचलेला होता. अक्काच्या उशाशी बसले तेव्हाही ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "तू माझ्या भावाला विष घातलंस."

मी म्हणाले, "त्यांची दवा घातली."

तेव्हापासून हे माझ्याशी बोलले न्हायत. जेवतात धाकट्या चुलत्याच्या घरी. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत न्हायत.

भाऊजी वाचले, घरी आलेत. आणि डब्यातलं बंद झालं तशी त्यांना आग सुरू झालीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गड्यांनाही होतं असं, अंगचं परत येईपर्यंत काही महिने राहील. जानेवारीत पंखा लावायला सांगतात. परवा मी त्यांच्याकडं गेले तर उघडे बसले होते, तोंड लाल, घाम मानेवरून ओघळतोय. मला बघून शाल ओढायला गेले आणि आगीनं ओढवली न्हाय. मी खुर्ची घेऊन समोर बसले. पूर्ण ओसरेपर्यंत बसले.

मला वाईट वाटेल असं धरून चालले होते. न्हाय वाटलं. हे तुला आवडणार न्हाय, पण लपवायचा आता कंटाळा आलाय.

दैवशाला


पुणे
२२ जानेवारी २०२५

दैवशाला,

ते वाचले हे वाचून मी खुर्चीत मागं टेकले. तुझ्यासाठी, त्यांच्यासाठी नाही. हेही लपवत नाही.

डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं असेलच, तो त्यांचा नियम आहे. माझा अर्ज आणि मल्लेशसरांचा अहवाल मी काल पाठवला. तुझी कबुलीची दोन पत्रं माझ्याकडे आहेत. मागितली तर देणार आहे. फाडणार नाही. तू फाड म्हणालीस तरी.

पण या सगळ्यात एका माणसाचं नाव कुठंच येत नाही. आई महेश्वरीची गेली. तिला हे पोलिसांकडून कळणार आहे का? की बाजारात? तू जुलैत लिहिलं होतंस की तिच्या दारात जायची हिंमत होत नाही. मला तेव्हा वाटलं, दुःखानं. आता वाटतं, तू मला अजून काहीतरी सांगितलेलं नाहीस.

राजेश्वरी


नळदुर्ग
१६ फेब्रुवारी २०२५

राजी,

तू ओळखलंस.

गेल्या रविवारी अणदूरला गेले. महेश्वरी शाळेच्या वह्या तपासत बसली होती. लहानपणापासून ती मला मावशी, तू म्हणते. चहा ठेवायला उठली, मी म्हणाले, "बस. आधी ऐक." पुडी, डबा, ताक, दवाखाना, सगळं सांगितलं. ती ऐकत होती, लाल पेनाचं टोपण लावत-काढत.

मग म्हणाली, "आईला पहिली पुडी दिलीस तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"न्हाय."

"रक्त जायला लागलं तेव्हा?"

हे मी तुला लिहिलं न्हवतं. अक्काला रक्त जायला लागलं ते पहिल्यांदा मला सांगितलं तिनं. पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती. घाबरली होती. म्हणाली, दैवू, मला सोलापूरला दाखवतेस का, पोरीला सांगू नको. मी भाऊजींना विचारलं. ते हसले, म्हणाले, चूर्ण लागू पडलं, अंग पुन्हा तरुण झालं, पेढे वाटा म्हणावं. मी तेच येऊन अक्काला सांगितलं. तिला पटत न्हवतं. मी तिची थट्टा केली. म्हणाले, म्हातारपणी नवरी झालीस. ती हसली आणि दवाखान्याचं राहून गेलं. पुढं आठ महिने राहून गेलं. तीनदा विचारलं तिनं. तिन्ही वेळा मी पुडी दिली.

महेश्वरीला हे जसंच्या तसं सांगितलं.

तिनं पेन ठेवलं. वह्या एकावर एक रचल्या. मग म्हणाली, "तुम्ही त्यांच्या ताकात घालत होता. तुमच्या का न्हाय घातलंत?"

तिनं मला तुम्ही म्हटलं, राजी.

कपाटातून कोरे कागद काढून तिनं माझ्यासमोर ठेवले. "लिहा तुम्ही. मी सांगते." आणि तिनं सांगितलं, शिकवल्यागत, एकेक वाक्य थांबून. आईचं नाव, वय, कधी काय झालं. भाऊजींचं नाव आलं तेव्हा मी घट्ट, दाबून लिहिलं, कागद मागून उठला. लई दिवसांनी बरं वाटलं.

"आता खाली दुसरं नाव," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याचं, आडनाव, वय बावन्न, अंगणवाडी सेविका. तिनं कागद ओढून घेतला, एकदा वाचला, सही केली. "ह्याच्यात तुमच्या बाजूचं काही लिहायचंय?" म्हणाली. मी न्हाय म्हणाले.

काल तो अर्ज पोलीस ठाण्यात दिला. सोलापूरहून डॉक्टरांचा कागद तिथं अजून आलाच न्हवता. ती एसटीनं आली, मी चालत. हवालदारानं वाचलं आणि विचारलं, "ह्यातल्या दैवशालाबाई कुठं राहतात? आणायला जावं लागंल." मी म्हणाले, मीच. त्याला पटेना. म्हणाला, मग हा अर्ज लिहिलाय कुणी?

मी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, सही तिची हाय, अक्षर माझं.

दैवशाला